सही तुमची, वाचन कोणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही तीन वर्षांपासून एस्टोनियात, टॅलिनमध्ये राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी दहावीत, मुलगा तीन वर्षांचा. मला एस्टोनियन येत नाही. पालिकेचं, शाळेचं, डॉक्टरांचं पत्र आलं की मी एआयला दाखवते. अर्थ तेच सांगतं, उत्तरही तेच लिहून देतं, मी पिन टाकून सही करते. गेल्या महिन्यात मुलाच्या बालवाडीचं पत्र आलं. एआय म्हणालं, 'अभिनंदन, जागा मिळाली.' अमुक तारखेपर्यंत होकार कळवायचा होता, हे मला जागा गेल्यावर समजलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी एआयची सेवाच बंद पडली आणि डॉक्टरांचं पत्र हातात धरून मी नुसती बसून राहिले. मुलगी गृहपाठ त्यालाच विचारते, तिच्या शाळेतच ते शिकवतात. नवऱ्याचं कामही त्याच्यावरच चालतं. आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात रात्री मी त्याच्याशीच बोलत बसते. हे व्यसन आहे का? सगळं बंद करून टाकू?"

ताई,

आधी बालवाडीचं बघू, कारण तिथे दिवस मोजले जाताहेत. पत्रावर ज्यांची सही आहे त्या प्रमुखांना आणि तुमच्या भागातल्या लिनाओसावालित्सुसला, म्हणजे टॅलिनच्या आठ विभाग-कार्यालयांपैकी तुमच्या कार्यालयाला, याच आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन भेटा. ती जागा दुसऱ्याला दिली गेली आहे की अजून रिकामी आहे, हे विचारा. दिली असेल तर रांगेत आता तुमचा नंबर कितवा? आणि जागा रद्द केल्याचा लेखी निर्णय निघाला आहे का? निघाला असेल तर त्याविरुद्ध हरकत घेता येते. तिला तिथे 'वाइए' म्हणतात आणि साधारण नियम असा, की निर्णय कळल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची. सबळ कारणाने मुदत हुकली असेल तर ती पुन्हा मिळावी म्हणूनही अर्ज करता येतो. मात्र 'एआयने चुकीचं सांगितलं' हे सबळ कारण धरलं जाईल, अशी आशा धरू नका. पत्र तुम्हाला मिळालं होतं आणि तारीख त्यात होती, एवढंच कार्यालय पाहील.

आता तुमचा मोठा प्रश्न. सगळं बंद करू नका. एआय नसतं तर तुमच्याकडची पत्रं कोणी वाचली असती? बहुधा दहावीतल्या मुलीने. परदेशात गेलेल्या कितीतरी कुटुंबांत आईच्या दवाखान्याची पत्रं आणि बाबांच्या दंडाच्या नोटिसा शाळकरी पोरांनाच वाचून दाखवाव्या लागतात. तुमच्या मुलीवर ती वेळ आली नाही, हा फायदा लहान नाही. किती तास वापरता, यावरून परावलंबन ठरत नाही. यंत्र चुकलं तर तुम्हाला कळतं का, आणि ते बंद पडलं तर तुमच्याकडे दुसरी वाट आहे का, यावरून ते ठरतं. बालवाडीच्या पत्राने पहिल्याचं उत्तर दिलं, त्या संध्याकाळने दुसऱ्याचं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. एस्टोनियात सगळंच डिजिटल आहे, म्हणून एआयही त्याच विश्वासाचं, असं मनात बसतं. ते खरं नाही. तिथल्या सरकारी व्यवस्थेमागे पंचवीस वर्षांचे कायदे आणि बांधणी आहे. डिजिटल सहीचा कायदा 2000 मधला, सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांना जोडणारी एक्स-टे ही प्रणाली 2001 मधली, ओळखपत्रं 2002 पासूनची. तुमची माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, हे एस्टी डॉट ईई या सरकारी पोर्टलवर स्वतः तपासता येतं. 2017 मध्ये साडेसात लाखांहून अधिक ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला, तेव्हा सरकारने तो जाहीर केला, नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली आणि नवी घ्यायला लावली. चूक झाली तर ती कोणाची, हे शोधता येतं. तुम्ही जे एआय वापरता त्याला यातलं काहीच लागू नाही. ते त्या व्यवस्थेचा भाग नाही. तुमचं घर आणि ती व्यवस्था यांच्यामध्ये तुम्हीच ते आणून बसवलं आहे. त्याने मुदत गाळली याची नोंद कुठेच होत नाही. पिन दोनने, म्हणजे सहीच्या पिनने, केलेली सही मात्र कायद्याने हाताच्या सहीइतकीच पक्की असते, आणि ती तुमची असते.

म्हणून पहिला बदल सहीपाशी करा. पिन एक चार आकडी, आत शिरण्यासाठी. पिन दोन पाच आकडी, सहीसाठी. स्मार्ट-आयडी या फोनवरच्या ओळख-ॲपवरही हेच. जे तुम्हाला वाचता आलेलं नाही त्यावर पिन दोन टाकायचा नाही, हा नियम करा आणि त्याला अपवाद ठेवू नका. फसवणूक करणारे फोनवर नेमका हाच पिन टाकायला लावतात. न वाचता सही करायची सवय लागलेला माणूस त्यांना सोपा सापडतो. पिन टाकण्याआधी ॲपवर येणारा पडताळणीचा आकडा आणि कशासाठी मंजुरी मागितली आहे ती ओळ, दोन्ही दर वेळी पाहा.

आता पत्र वाचायचं कसं. चूक बहुतेक वेळा तुमच्या प्रश्नात दडलेली असते. 'या पत्रात काय आहे?' असं विचारलं की यंत्र सारांश देतं, आणि सारांशात आनंदाची बातमी वर येऊन अटी गळतात. जागा मिळाली ही बातमी, अमुक तारखेपर्यंत कळवा ही अट. त्यामुळे आधी यंत्राशिवाय, फक्त डोळ्यांनी, पत्रात पाच गोष्टी शोधून पेन्सिलने गोल करा: पाठवणारा कोण, पत्राची तारीख, आतल्या इतर सगळ्या तारखा, रकमा आणि ठळक अक्षरं. आकडे वाचायला भाषा लागत नाही. पत्राच्या तारखेखेरीज दुसरी तारीख दिसली, तर ती कशाची हे कळेपर्यंत पत्र खाली ठेवू नका.

मग यंत्राला सारांश नाही, पूर्ण भाषांतर मागा. 'प्रत्येक वाक्य क्रमाने भाषांतरित कर, काही गाळू नकोस, जिथे खात्री नाही तिथे तसं लिही.' त्यानंतर वेगळा प्रश्न: 'मी काय करायचं आहे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मार्गाने, नाही केलं तर काय होईल? प्रत्येक उत्तरासोबत पत्रातलं मूळ वाक्य दे.' ते मूळ वाक्य कागदावर बोट ठेवून जुळवा. सापडलं नाही, तर उत्तर यंत्राच्या पदरचं आहे. महत्त्वाचं पत्र असेल तर तोच मजकूर दुसऱ्या यंत्रातूनही काढा. तार्तू विद्यापीठाने बनवलेलं भाषांतर यंत्र खास एस्टोनियनचा विचार करून केलेलं आहे. दोन भाषांतरं जिथे वेगळी पडतात, तेवढ्याच वाक्यांबद्दल माणसाला विचारा. सगळं पत्र घेऊन कोणाला त्रास द्यायची गरज उरत नाही.

ही भाषा जेमतेम अकरा लाख लोकांची. तिच्यात यंत्राला शिकायला मजकूर कमी मिळाला आहे आणि चुका ठरावीक जागी होतात. एस्टोनियनमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे यंत्र अंदाजाने लिंग ठरवतं. मुलाच्या पत्रात मध्येच 'ती' आली तर घाबरू नका, पण मजकूर मुलाबद्दलच आहे ना हे बघा. दशांशाला तिथे टिंब नाही, स्वल्पविराम लावतात: 1,5 म्हणजे दीड. फोटो तिरका किंवा अंधारात काढला तर तो स्वल्पविराम उडतो आणि दीडचे पंधरा होतात. औषधाच्या मात्रेत ही चूक भारी पडेल. बोलताना वेळेचाही घोळ होतो. 'पोल काक्स' म्हणजे दीड. यंत्र कधी ते अडीच करून टाकतं. भेटीची वेळ नेहमी आकड्यात लिहून मागा.

पत्राचा फोटो काढण्याआधी ओळख क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवा. त्या अकरा आकड्यांतून लिंग आणि जन्मतारीख उघड वाचता येते. मुलांची नावं, पत्ता आणि रुग्ण क्रमांकही झाका. भाषांतराला त्यातलं काहीच लागत नाही. नवऱ्याच्या ऑफिसच्या खात्यातून घरची पत्रं वाचून घेत असाल, तर ते आजच थांबवा.

डॉक्टरांच्या पत्राला यंत्राचा अर्थ अखेरचा मानू नका. औषध घेताना फार्मासिस्टलाच सांगा: किती, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे खोक्यावर आकड्यात लिहून द्या. चिठ्ठी तिथे ऑनलाइनच असल्याने मूळ मात्रा त्यांच्या समोर असते. फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्याचा नंबर 1220, तातडीसाठी 112, सरकारी माहितीसाठी 1247. 1220 वर इंग्रजीत कधी बोलता येतं, त्या वेळा आत्ताच बघून फ्रिजवर चिकटवा. सेवा बंद पडल्यावर शोधायला जाल तर शोधायचं साधनही बंद असेल.

उत्तर पाठवतानाही शिस्त हवी. यंत्राकडून तीन परिच्छेदांचं सुबक एस्टोनियन पत्र लिहून घेऊ नका. त्यात त्याने काय कबूल केलं, हे तुम्हाला वाचता येत नाही. तीन-चार छोटी वाक्यं इंग्रजीत लिहा, त्यांचं भाषांतर घ्या, ते दुसऱ्या यंत्राने उलट इंग्रजीत आणा, आणि पाठवताना मूळ इंग्रजी खाली तसंच जोडा. कार्यालय एस्टोनियन मजकूरच ग्राह्य धरेल. तरी पुढे वाद झाला तर तुमचं म्हणणं काय होतं, ते कागदावर राहतं.

त्या बंद पडलेल्या संध्याकाळबद्दल. अशा संध्याकाळी पुन्हा येणार. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. दक्षिण कोरिया डिजिटल सरकारच्या बाबतीत जगात अग्रेसर मानला जातो. तिथे 26 सप्टेंबर 2025 ला देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटरीला आग लागली, सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला 858 टेराबाइट डेटा जळाला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. व्यवस्था जितकी प्रगत, तितकी दुसऱ्या प्रतीची आठवण कमी, असंच या प्रकरणांतून दिसतं.

घरापुरती दुसरी वाट फार खर्चाची नाही. स्मार्ट-आयडी फोनवर असलं तरी कार्ड आणि कार्ड-रीडर चालू आहे ना, हे महिन्यातून एकदा लॉगिन करून बघा. कितीतरी लोकांना कार्डाचे पिन आठवतच नाहीत, आणि तीन वेळा चुकले की पिन बंद होतो. तो उघडायचा पुक कोड लागेल, म्हणून पिनचं पाकीट घरात सापडेल अशा जागी, पण कार्डापासून दूर ठेवा. भाषांतर ॲपमध्ये एस्टोनियन आणि इंग्रजी ऑफलाइन उतरवून घ्या. त्याचा दर्जा थोडा कमी असतो, पण 'तारीख कशाची' एवढं ते सांगतं. शाळा, बालवाडी, डॉक्टर आणि दोन शेजारी यांचे नंबर कागदावर. थोडी रोख. एस्टोनियात घरांना सात दिवसांची तयारी ठेवायला सांगतातच. त्यासाठी 'ओले वाल्मिस' हे ॲप आहे, ते इंटरनेट नसतानाही उघडतं. मग एखादा रविवार ठरवा आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरात कोणीच एआय वापरायचं नाही. कुठे अडतं ते लिहून काढा. ती यादी तुमच्या घराची खरी तपासणी असेल.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण काळजी तिथे जास्त दिसते. शाळेला दोष देऊ नका. एस्टोनियाने 2025-26 पासून दहावी-अकरावीच्या सुमारे 20 हजार मुलांसाठी 'ती-ह्युपे' नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो मुलं हे लपूनछपून वापरतातच, तर नीट शिकवलेलं बरं, या विचाराने. तो विचार आम्हाला पटतो. प्रश्न घरी ती ते कसं वापरते हा आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. साधं चॅटबॉट मिळालेल्या मुलांनी सरावात 48 टक्के जास्त गुण मिळवले, पण तेच काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा चॅटबॉट न मिळालेल्या मुलांपेक्षा ती 17 टक्के मागे पडली. उत्तराऐवजी इशारे देणारं चॅटबॉट ज्यांना मिळालं, त्यांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. यंत्र एकच, वागणूक वेगळी.

म्हणून बंदी नको, क्रम ठरवा. आधी वीस मिनिटं कागदावर, चुकलं तरी चालेल. मग स्वतःचा अर्धवट प्रयत्न दाखवून एवढंच विचारायचं: 'माझी पहिली चूक कुठे झाली? उत्तर सांगू नकोस.' आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा, कोरा कागद घेऊन, यंत्र बंद ठेवून. ही शेवटची पायरी मुलं नेहमी टाळतात, आणि शिकणं नेमकं तिथेच होतं. लक्ष ठेवायचं तर गृहपाठाचे आणि वर्गातल्या चाचणीचे गुण शेजारी शेजारी मांडा. गृहपाठात सतत पाचपैकी पाच आणि चाचणीत तीन, असं दोन महिने दिसलं तर शिक्षकांशी बोला. तिच्या फोनची झडती घेऊ नका.

नवऱ्याचा विषय तुलनेने सोपा आहे. तो जाणता आहे आणि पगार घेऊन वापरतो. एकच सांगा: स्वतःच्या वेगाबद्दलचा त्याचा अंदाज खरा धरू नये. 2025 च्या सुरुवातीला 16 अनुभवी प्रोग्रामरवर झालेल्या अभ्यासात एआय वापरताना ते 19 टक्के मंदावले होते, आणि आपण 20 टक्के वेगवान झालो असं त्यांना वाटत होतं. संख्या लहान आहे, साधनंही तेव्हाची, पण अंदाज आणि घड्याळ यांतली तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. कौशल्य गंजण्याबद्दल म्हणाल, तर पोलंडमधल्या चार केंद्रांतल्या डॉक्टरांचं उदाहरण आहे. आतड्याच्या तपासणीत एआय आल्यानंतर, एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आलं. आठवड्यातलं एक काम त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने करावं, इतकं पुरे.

राहिली रात्र. तुम्ही 'व्यसन' शब्द वापरलात, पण घड्याळ बघा. टॅलिनमध्ये डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. हिवाळ्यात तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात साडेबारा झालेले असतात. मुलं झोपली, हात मोकळा झाला, बोलावंसं वाटलं, तेव्हा तुमची सगळी माणसं झोपलेली असतात, आणि जागं एकच असतं. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही, वेळेचा आहे, आणि वेळ हलवता येते. बहिणीशी, मैत्रिणीशी फोन दुपारी साडेबाराला ठेवा. तिकडे चार वाजलेले असतात, चहाची वेळ. आठवड्यातले दोन दिवस पक्के करा, 'बघू, वेळ मिळाला तर' असं नको.

एआयशी गप्पा लगेच तोडू नका, पण त्यांची जागा बदला. पलंगावर, दिवे बंद करून नाही. टेबलावर, अर्ध्या तासाचा गजर लावून. ज्या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या आहेत त्या आधी यंत्राला सांगून मोकळं होत असाल, तर ती खूण गंभीर आहे. मोकळं झालं की नवऱ्याला सांगायचं राहून जातं. आणि हेही धरून चाला, की ते तसंच राहणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये चॅटजीपीटीचं जुनं मॉडेल अचानक काढलं गेलं तेव्हा अनेकांना जवळचं कोणी गेल्यासारखं वाटलं. ओरड झाल्यावर ते परत आलं, तेही पैसे भरणाऱ्यांसाठी.

भाषा शिकायला घ्या. यंत्र टाकून द्यावं म्हणून नाही, ते चुकलं की ओळखता यावं म्हणून. सुरुवात पत्रांतल्या शब्दांपासून करा: हिल्येमाल्ट म्हणजे उशिरात उशिरा, आर्वे म्हणजे बिल, ओत्सुस म्हणजे निर्णय, सातेकिरी म्हणजे डॉक्टरांची पुढे पाठवायची चिठ्ठी. असे चाळीस शब्द झाले की बरीचशी सरकारी पत्रं अर्धी उकलतात. 'केलेक्लिक' हा ऑनलाइन वर्ग फुकट आहे आणि इंग्रजीतून आहे. टॅलिनमध्ये एस्टी केले माया, म्हणजे एस्टोनियन भाषेचं घर, विनामूल्य गप्पांचे गट चालवतं. पाच वर्षांनी राहण्याचा दीर्घकालीन परवाना हवा असेल तर बी-1, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतक्या, पातळीची परीक्षा लागतेच, आणि तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो. वर्गाला जायचं ते संध्याकाळच्या तुकडीत जा, म्हणजे आठवड्यातल्या दोन अंधाऱ्या संध्याकाळी घराबाहेर पडाल.

झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्यात, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते एआयच्या खात्यात टाकू नका. फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या. लक्षणं इंग्रजीत एका कागदावर लिहून न्या, कधीपासून ते तारखेसकट. सोबत मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका. दुभाषी मिळेल का, हे वेळ घेतानाच विचारून ठेवा.